कोण फुंकतंय?

सातारा, २१ जुलै २०२५

जवाहरकाका, नमस्कार.

तुमचा फोन सारखा बंद लागत होता म्हणून शेवटी त्रिशलाकाकूंना लावला. त्या म्हणाल्या, "अगं, ह्यांनी मुनिमहाराजांसमोर नियम घेतलाय, चातुर्मासभर मोबाईल नाही. माझ्या फोनवरून बोला म्हटलं तर म्हणतात पळवाट नको. मागच्या वर्षी गूळ सोडला होता, तो बरा होता. तू पत्र लिही, पत्राचा नियम नाही."

म्हणून लिहितेय. मी टपाल खात्यात आहे. इतकी वर्षं लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, पण स्वतः पत्र लिहून किती दिवस झाले ते आठवत नाही. मी उत्कर्षा, मल्हार वीरकरांची मुलगी. लहानपणी मेढ्याच्या घाटात तुमच्या धुतलेल्या धोतरावर उलटी केली होती, तीच.

यवतेश्वरच्या चढावर सात वर्षांपूर्वी तुमच्यात आणि आबांत काय झालं ते मला माहीत आहे. तुम्ही कार्बोरेटर बसवलेल्या आमच्या जीपला एका नव्या डिझेल गाडीनं मागं टाकलं, आबा म्हणाले, "जवाहर, तुझा कार्बोरेटर म्हातारा झाला." तुम्ही तिथंच उतरलात, घाट पायी उतरून स्टँडवर गेलात आणि सांगलीची एसटी धरलीत. तेव्हापासून दोघंही गप्प. मला त्यात पडायचं नाही. मला फक्त बाणाईची काळजी आहे.

बाणाई म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको. आबांनी फौजेतून आल्यावर लिलावात घेतलेली पेट्रोल जीप. घरधन्याचं नाव मल्हार, म्हणून जीप बाणाई; आई अजूनही तिला सवत म्हणते. तर ती सवत आता शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. सुरू होते, काळा धूर सोडते, कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतं, चढ लागला की गुदमरून बंद पडते. इथल्या मेकॅनिककडे नेली तर तो मुलगा लॅपटॉप घेऊन तिच्याभोवती फिरला आणि विचारलं, "मॅडम, वायर कुठं लावायची?"

पप्पूनं, म्हणजे माझ्या भावानं, पाचगणीच्या वाटेवरचा एक हॉटेलवाला गाठलाय. त्याला जीप फाटकाशी शोभेला उभी करायची आहे. इंजिन काढून बॉनेटमध्ये माती भरणार आणि फुलझाडं लावणार. आबा म्हणाले, "दसऱ्याला यवतेश्वरचा घाट आपल्या पायानं चढली तर ऱ्हाईल. न्हाई चढली तर जाऊ दे तिच्यात झेंडू लावायला."

मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला पाना धरता येत नाही. पण तुम्ही सांगाल ते करीन. आबांना हे पत्र माहीत नाही.

तुमची,
उत्कर्षा


सांगली, २७ जुलै

चि. उत्कर्षा, जय जिनेंद्र.

पहिली गोष्ट. मी हे तुझ्या बापासाठी करत नाही. तो कार्बोरेटर मी माझ्या हातांनी खोलून जोडलेला आहे. त्याच्यात फुलझाड लावलेलं मला या जन्मी बघायचं नाही.

दुसरी गोष्ट. लॅपटॉपवाल्यांना परत शेडमध्ये घेऊ नको.

आता शीक. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फुगा असतो ना? पाणी चढलं की फुगा वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरच्या वाटीत तसाच एक फ्लोट असतो, पितळेचा, आतून पोकळ. वाटी भरली की तो वर येतो आणि त्याच्या डोक्यावरची निडल पेट्रोलचं भोक बंद करते. निडल झिजली किंवा फ्लोट बुडाला, की भोक बंद होत नाही. मग पेट्रोल येतच राहतं. अशी गाडी तहानेनं मरत नाही, बुडून मरते. लोक अशा वेळी चोक ओढतात, म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजतात.

सोबत नवी निडल पाठवतोय. बसवायची कशी त्याचं चित्र मागच्या पानावर आहे. चित्रातला तो हात माझा डावा आहे, तूही डावाच लाव. इंजिनातले जुने स्पार्क प्लग काढून नवे घाल आणि जुने मला पाठव, पुसू नकोस. प्लगचं तोंड बघून मी इंजिनाची कुंडली सांगतो, हे सांगलीत कुणालाही विचार.

आणि खरं सांग, मी गेल्यानंतर त्या इंजिनाला कुणी हात लावलाय का? काही नवं बसवलंय का? वैद्यापासून आणि वकिलापासून लपवू नये म्हणतात, त्यात कार्बोरेटरवाला धर.

तुझ्या बापाबद्दल मला काही लिहायचं नाही. फक्त एवढंच लिहितो, की तीस वर्षांच्या मैत्रीत हा माणूस एकदाही दिवस मावळायच्या आत सांगलीत पोचला नाही. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही हे त्याला पाठ आहे. तरी कधी कराडला चहा, कधी इस्लामपूरला कुणी फौजी भेटला. आणि वर म्हणायचं, तुझ्या गाडीला पळता येत नाही!

जवाहर चौगुले

ता. क. उत्कर्षा, मी काकू. निडल टोकदार आहे, वाटेत मोडू नये म्हणून भोवती भडंग भरलंय. ते खा. ह्यांनी तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि चौथ्यांदा मला वाचून दाखवलं.


सातारा, ५ ऑगस्ट

जवाहरकाका,

निडल बसली! तीन वेळा उलटी बसवली, चौथ्यांदा सुलटी बसली. हाताला वास इतका येतो, की ऑफिसात शेजारच्या बाई खुर्ची सरकवून बसतात.

भडंग मात्र मला मिळालं नाही. पार्सल फोडून मी हात धुवायला गेले तेवढ्यात आबांनी पुडी संपवली. कुठून आलं विचारलं, मी म्हटलं ऑफिसातल्या मैत्रिणीनं दिलं. ते "असंल" म्हणाले आणि बोटं चाटत राहिले. निडल मी अंगणातून शोधून आणली.

प्लग पाठवायला घेतले आणि मोठा पेच पडला. पार्सलच्या खिडकीवर त्या दिवशी मीच होते. रांगेत उभी राहून मी दुसऱ्या खिडकीवर गेले, तर आमचे गुरवसाहेब वास घेऊन म्हणाले, "ज्वलनशील दिसतंय, उत्कर्षाताई. नियम तुम्हीच मला शिकवलाय." प्लग घरी नेऊन चार दिवस उन्हात ठेवले. ऊन नव्हतं म्हणून शेवटी चुलीच्या कडेला ठेवले. आईनं विचारलं तर सांगितलं, औषधी आहे.

बाणाई आता सपाटीला शहाण्यासारखी चालते. गोडोलीपर्यंत जाऊन आले. ठिबकणं कमी झालंय. पण चढ लागला, पाय दाबला, की तेच. आधी जोर येतो, मग भसकन काळा धूर, मग घोगरा आवाज आणि बंद.

तुम्ही विचारलंत ते. नवं असं काही बसवलेलं मला दिसत नाही. जुनीच सगळी.

उत्कर्षा


सांगली, ११ ऑगस्ट

चि. उत्कर्षा, जय जिनेंद्र.

प्लग पोचले. चारही काळे, मऊ काजळी. भिंगाखाली धरले. हे इंजिन जेवत नाही, कोंबून घेतंय.

चढावरच बुडते म्हणजे फ्लोटची उंची चुकली आहे. गाडी कलली, की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं. फ्लोटची पितळी पट्टी आहे ना, ती नखाएवढी वाकव म्हणजे निडल लवकर बंद होईल. पकडीनं नको, अंगठ्यानं. ती पितळ आहे, तुमच्या टपालखात्याचा शिक्का नाही.

त्यानंही झालं नाही, तर फ्लोटला भोक आहे. आत पेट्रोल शिरून तो जड झाला असेल. परीक्षा सोपी आहे. पाणी चांगलं तापव, विस्तव बंद कर, फ्लोट बुडवून धर. बारीक बुडबुडे आले तर भोक आहे. पेट्रोल आधी पुसून काढ आणि हे काम अंगणात कर.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. तू लिहितेस "आधी जोर येतो." त्या इंजिनाला चढावर जोर येतो? मी तिला ओळखतो. ती चढावर जोर लावत नाही, ती चढाला समजावते. पुन्हा एकदा नीट ऐकून लिही. एखादी बारीक शिट्टी ऐकू येते का?

जवाहर

ता. क. मी काकू. जेवणाच्या टेबलावर दुसरा एक कार्बोरेटर उघडून ठेवलाय, तुझ्यासारखं करून बघतात. मटकी भिजवायला वाटी शोधली तर तिच्यात फ्लोट पोहत होता.


सातारा, २२ ऑगस्ट

जवाहरकाका,

पट्टी वाकवली, अंगठ्यानंच. सपाटीला आता ठिबकत नाही, धूरही नाही. चढावर मात्र तशीच. सोनगावच्या चढावर बंद पडली, मागं खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर. तो म्हणाला, "ताई, ढकलू का विकताय?"

मग गरम पाण्याची परीक्षा केली. मोठं पातेलं मिळेना म्हणून चहाचं घेतलं. फ्लोट बुडवून मी आणि आई दोघी डोळे लावून बसलो. एकही बुडबुडा नाही. आईनं आतापर्यंत मला काही विचारलं नव्हतं. आता म्हणाली, "सवतीला न्हाऊ घालाय माझंच पातेलं गावलं व्हय?" ते पातेलं आता शेडचं झालंय. चहा आम्ही कुकरच्या डब्यात करतो.

म्हणजे भोक नाही. फक्त एक सांगते, तुम्ही रागावू नका. फ्लोट थोडा चेपलाय. दोन्ही गाल आत गेलेत, दात नसलेल्या म्हाताऱ्यासारखे. माझ्या हातून पडला नव्हता. बहुतेक पहिल्या दिवशी काढताना मीच दाबला असेन. चालेल ना तसा?

शिट्टीचं म्हणाल तर, शेडशेजारी बुलबुल फार आहेत.

उत्कर्षा


सांगली, २६ ऑगस्ट

उत्कर्षा,

बुलबुल.

पितळेचा फ्लोट बोटांनी चेपत नाही. तो दोन्ही बाजूंनी सारखा चेपायचा, तर चहूकडून दाब यावा लागतो. कार्बोरेटरमध्ये दाब नसतो. इंजिन श्वास आत ओढतं, कार्बोरेटर त्या श्वासात पेट्रोल मिसळतो. चाळीस वर्षं मी हे काम केलं. त्याच्यात कुणी फुंकत नाही.

कोण फुंकतंय?

जवाहर चौगुले


सातारा, २९ ऑगस्ट

काका,

लोणंदचा गुंडा.

म्हणजे त्या मेकॅनिकनं बसवलेला टर्बो. तुम्ही गेल्यावर वर्षभरानं आबांनी बसवून घेतला, एका भंगारातल्या डिझेल गाडीचा. सायलेन्सरच्या धुरावर पंखा फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो, एवढंच मला कळतं. दोन वर्षं ती वाऱ्यासारखी पळाली. मग हे सुरू झालं.

तुम्हाला कळलं असतं, तर पहिलंच पत्र तुम्ही फाडलं असतं. म्हणून सांगलीला येऊन बोलायचं टाळलं. समोर बसून मला खोटं बोलता येत नाही. कागदावर जमेल वाटलं, पण फ्लोटनं चुगली केली.

दसऱ्याला महिना आहे. पप्पूनं हॉटेलवाल्याला मापं घ्यायला आणलं होतं.

उत्कर्षा


सांगली, ६ सप्टेंबर

उत्कर्षा,

हे पत्र माझं, म्हणजे काकूचं. ह्यांना माहीत नाही. तुमच्याकडे आबांना माहीत नाही, आमच्याकडे ह्यांना माहीत नाही. टपालखात्याचं बरं चाललंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आमचं दशलक्षण पर्व सुरू होऊन दोन दिवस झाले होते. दहा दिवस रागवायचं नाही, हा त्यातला पहिलाच धडा. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मंदिरात जाऊन बसले. आल्यावर सगळ्यांशी इतक्या गोड आवाजात बोलायला लागले, की सून घाबरली. ताटातला भात उकरत मध्येच म्हणायचे, "कार्बोरेटरला टर्बो!" जसं काही कुणी देवळात चप्पल घालून गेलंय. पण तिसऱ्या दिवशी टेबलावरचा कार्बोरेटर पुन्हा उघडला. काल स्वतःशीच म्हणाले, "वाटीलासुद्धा तीच फुंक दिली असली पाहिजे, नाहीतर चाललीच नसती. गुंड्याला अक्कल आहे." म्हणजे राग आता दुसऱ्या खोलीत गेलाय. तू घाबरू नको.

आता तुला खरी गोष्ट सांगते. फोनचा नियम का घेतला, ते महाराजांनाही माहीत नाही. सात वर्षं हा माणूस फोन उशाशी घेऊन झोपला. दिवाळी, दसरा, स्वतःचा वाढदिवस, मल्हाररावांचा वाढदिवस. रिंग वाजली की आधी नाव बघायचे आणि मग चेहरा पाडून "हॅलो" म्हणायचे. आपण लावायचा नाही, कारण घाटात बोलला कोण? यंदा आषाढात म्हणाले, "त्रिशला, चार महिने बंद ठेवतो. बंद असला की वाट बघावी लागत नाही."

त्यागाचं पुण्य त्यात किती ते देवाला माहीत. पण परवा क्षमावाणी आहे. दरवर्षी सगळ्या गल्लीची क्षमा मागतात, दूधवाल्याची मागतात, एकदा चुकून चुकीच्या घरात शिरून मागून आले. फक्त साताऱ्याचं नाव आलं की पाणी प्यायला उठतात. यंदा मी तांब्याच लपवून ठेवणार आहे.

त्रिशलाकाकू


सांगली, ८ सप्टेंबर, क्षमावाणी

चि. उत्कर्षा, उत्तम क्षमा.

वर्षभरात माझ्याकडून तुला काही कठोर बोललं गेलं असेल तर क्षमा कर. "बुलबुल" हा शब्द मी जरा रागानं लिहिला होता. त्या कार्बोरेटरचीही क्षमा मागतो. सात वर्षं त्याची चौकशी केली नाही. राहिला तुझा बाप. त्याची मागावी की नाही यावर घरात मतभेद आहेत. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुझी काकू. म्हणजे निकाल लागलेला आहे. त्याला सांग, मी घाटात उतरायला नको होतं. निदान चढ संपल्यावर उतरायला हवं होतं.

आता काम.

टर्बोची हवा कार्बोरेटरमध्ये घुसते. वाटीचं वरचं तोंड उघडं असतं, तर तिथून पेट्रोल उलटं पळालं असतं. म्हणून वाटीतही तोच दाब द्यावा लागतो. वाटीपासून टर्बोच्या पाइपाकडे एक बारीक रबरी नळी जाते का बघ. असेल तर गुंडा हुशार आहे, हे त्याला सांगू नको. पण तो दाब पोकळ फ्लोटलाही बसतो. फ्लोट चेपला, की पेट्रोलवर कमी तरंगतो, निडल नीट बंद करत नाही. सपाटीवर टर्बो जवळजवळ झोपलेला असतो, तिथं तू पट्टी वाकवून निभावलंस. चढावर पाय दाबला, की टर्बो जागा होतो, फुंक वाढते, फ्लोट आणखी दबतो आणि बाणाई बुडते.

पण ती दोन वर्षं नीट चालली ना? मग गुंड्यानं ठेवली तेवढी फुंक त्या फ्लोटला सोसत होती. नंतर कुणीतरी ती वाढवली. टर्बोच्या बाजूला एक डबी असते, तिच्या दांडीवर नट असतो. तो पिळला की फुंक वाढते. कुणी पिळला असेल हे ओळखायला मला भिंग लागत नाही. तुझ्या आबाला विचार. नट होता तिथं परत आण.

सोबत भरीव फ्लोट पाठवतोय, पितळेचा नव्हे, पेट्रोल न शोषणाऱ्या हलक्या, कडक फोमचा. एका जुन्या कार्बोरेटरचा काढून, कानसून, दोन दिवस पेट्रोलात बुडवून पारखलाय. आत पोकळी नाही, तेव्हा कुणी कितीही फुंकलं तरी गाल आत जाणार नाहीत. मल्हारला पोकळ वस्तू चालत नाहीत, हे मला आधीच कळायला हवं होतं.

आणि त्याला एक विचार. टर्बो कशाला बसवला? मला खिजवायला? एवढंच विचार.

जवाहर


सातारा, ३ ऑक्टोबर

जवाहरकाका, काकू,

दोघांना एकच पत्र लिहितेय, लपवायचं आता काही उरलं नाही.

तुमचं क्षमावाणीचं पत्र मी आबांच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं. संध्याकाळी ते शेडमध्ये आले, माझ्या हातातला पाना घेतला आणि त्या डबीचा नट मागं आणला. कुठवर आणायचा ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. मग पाना परत देऊन म्हणाले, "कास रोडला त्या डिझेलवाल्याला येकदा मागं टाकायचं हुतं." टाकलं होतं का विचारलं. म्हणाले, "टाकलं. पर दाखवाय शेजारी कुनी न्हवतं."

रबरी नळी आहे. गुंडा हुशार आहे. सांगितलं नाही.

भरीव फ्लोट मी बसवला. पहिल्या झटक्यात सुलटा.

काल दसरा. बाणाईला धुतलं, हळदकुंकू, पुढं झेंडूचं तोरण. पप्पू बघून म्हणाला, "बाहेरून लावलेत, आता आतून लावायचे बाकी." घाट मी चालवायचा, आबा शेजारी, पप्पू मागं पंच म्हणून, आणि आई. तिला म्हटलं, तू कशाला? म्हणाली, "सवत मरायची आसंल तर बघाय नको?"

आदल्या दिवशी पेट्रोल घालताना आईनं मला अडवलं होतं. "दोन महिनं बघते मी, पेट्रोल लय झालं, लय झालं. मग पाजता कशाला एवढं? भरल्या पोटी चढ चढवतो का कुनाला?" मला त्या क्षणी ते पटलं. एवढं शिकून, एवढी चित्रं बघून, पटलं. एक छोटा कॅन घातला.

काका, ती काय चढली! पहिल्या वळणावर पाय दाबला आणि बॉनेटखालून बुलबुल ओरडला. पाठ सीटला चिकटली. कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्या बाजूला होत होत्या. तुम्ही उतरला होतात ते वळण आलं, तिथं आबांनी उगाच डावीकडं बघितलं. धूर नाही, घोगरा आवाज नाही. देवळाचा कळस दिसला आणि मी ओरडणार, तेवढ्यात एक आचका, दुसरा आचका, बंद.

शेवटचा चढ राहिला होता. मी हँडब्रेक ओढला. पप्पू हळूच म्हणाला, "ताई, मी काही बोलत नाही." तेच मला जास्त लागलं. मला बाणाई दिसतच नव्हती. फुलझाडं दिसत होती, आणि ओसरीवर बसलेले आबा, कुणाशी न बोलणारे.

आबा उतरले. बॉनेट उघडलं. कार्बोरेटरची वाटी सोडवून तळहातावर घेतली, वाकडी करून बघितली, नाकाशी नेली. मग ते हसायला लागले. वाटी कोरडी ठणठणीत! हसता हसता बंपरवर बसले. लहानपणी मी मागच्या हत्यारपेटीवर बसून तो आवाज ऐकायची, पुढं तुम्ही दोघं असताना. तो हसण्याचा आवाज सात वर्षांत मी ऐकला नव्हता, हे मला कालच कळलं.

"बुडून मरनारी बया," आबा म्हणाले, "तहानेनं मेली की रं! जवाहरला सांगाय पायजे."

पप्पू म्हणाला, "आबा, नियमानं बंदच पडली ना?" आबा म्हणाले, "बंद न्हाई पडली. नवरात्राचा उपास हाय तिचा." आई म्हणाली, "माझ्याकडं बघू नगा."

कास बघायला आलेल्या एका गाडीवाल्यानं बाटलीभर पेट्रोल दिलं. देवळापर्यंत ती हसत हसत गेली. हॉटेलवाल्याला पप्पूनंच फोन करून नाही सांगितलं.

सोबतचं पत्र आबांचं आहे. काल रात्रीपासून लिहिताहेत. मला वाचू दिलं नाही.

उत्कर्षा


सातारा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी

जवाहर गड्या,

रामराम. तुझं जय जिनेंद्रबी धर.

पोरीला वाटतं मला आत्ता कळलं. पैल्या पार्सलालाच कळलं हुतं. भडंगाचा येक बुकना मारला आन् म्हणलं, ह्यात लसूण न्हाई. बिनलसणाचं भडंग करनारं घर मला येकच ठावं हाय. पोरगी म्हणाली मैत्रिणीनं दिलं. म्या म्हणलं असंल. मग गप बघत बसलो. पोरगी शेडात जायाची, हात काळं करून यायाची, मला दडवून पत्रं लिवायची. म्या रोज तिच्या पाटीमागं जाऊन प्लग किती काळं हाईत ते बघायचो. मला येत हुतं ते सांगाय, पर सांगितलं आसतं तर तुझी पत्रं बंद झाली आसती.

नट म्याच पिळला. कबूल.

आता दुसरं. आषाढात म्या तुला फोन लावला हुता. काय बोलायचं ते ठरवायलाच सात वर्सं गेली रं. आन् लावला तर ती बाई म्हणती, फोन बंद हाय. म्या म्हणलं, जवाहरनं माझं नाव बघून बंद क्येला. लय राग आला. त्याच रागात पप्पूला म्हणलं, आण तुझा हाटेलवाला. तुझ्या नियमाचं कुनाला ठावं? पुढच्या वर्साला गूळ सोड.

तू इचारलंस, टर्बो कशाला. खिजवाय न्हाई. तू घाटातनं उतरून गेलास तवा म्या म्हणलं, ह्याच्या घरी येक डाव उजेडी जाऊन जेवायचं आन् मग काय ते भांडायचं. उपाशीपोटी भांडान नीट हुत न्हाई. तीस वर्सं वैनीनं माझं ताट झाकून ठिवलं, तुमी सगळी जेवून हात धुवून बसायचा आन् मी येकला गार भाकरी खायाचो. जुनं इंजान काय दिस मावळायच्या आत सांगली गाठणार न्हाई, म्हणून लोणंदला गुंड्याकडं गेलो. त्यानं बसवून दिला. जीप पळाय लागली, पर सांगलीच्या वाटंला वळंना. हिम्मत वाढवायचा नट त्येला नसतो गड्या.

आता पोरगी म्हणती, मी चालवते. पुढच्या आयतवारी निघतो. कराडला च्या घ्यायचा न्हाई, इस्लामपुरात कुनीबी फौजी भेटला तरी खाली उतरायचं न्हाई, पोरीला तशी आर्डर दिलीया. टाकी काठोकाठ भरणार, बायकूचं आयकणार न्हाई.

दारात येऊन हारन वाजवीन. हारनचा नियम न्हाई ना घेतला?

वैनीला सांग, माझं ताट झाकून ठिवू नगा म्हणावं. गरम वाढा.

तुझा,
मल्हार